आधी मुनारे, मग गवत

नागपूरला बेसाच्या पुढच्या नव्या लेआउटमध्ये आमच्या समाजाचं भवन झालं आणि त्याच्या हॉलमधली मोठी भिंत रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मागितलं नव्हतं. महाल भागातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते आणि नागपूरच्या गोंड समाजात चित्रकलेची बाई म्हणून माझं एकटीचंच नाव अध्यक्षांना ठाऊक होतं, एवढंच कारण. अध्यक्ष एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, इंग्रजाच्या काळात आपल्या लोकांनी काय सोसलं, कसे लढले, ते भिंतीवर आलं पाहिजे. तुम्ही आर्टिस्ट आहा. तुम्हाले फुल फ्रीडम."

हे फुल फ्रीडम आठवडाभर टिकलं. मग फोन आला.

"मॅडम, घोड्याचं तोंड कोणत्या बाजूनं घेऊन राहिल्या?"

"कोणता घोडा?"

"राजाचा! घोडा तं पाहिजेच नं. वर राजा, हातात तलवार, मागं सूर्य. पब्लिकले दुरूनच समजलं पाहिजे."

मी म्हटलं, आमच्या गावात कोणी घोड्यावर बसून लढलं नाही. गावात घोडाच नव्हता. ते म्हणाले, "चित्रात काय जाते?" मी फोन ठेवला आणि रागारागानं कणीक मळायला घेतली. त्या दिवशी पोळ्या चिवट झाल्या.

राग नुसता घोड्याचा नव्हता. मला स्वतःलाच माहीत नव्हतं की घोडा नाही तर मग काय. माझे वडील तरुणपणी गाव सोडून नागपुरात आले. महालात खोली भाड्यानं मिळावी म्हणून घरमालकाला त्यांनी गावाचं नाव सांगितलं, जातीचं नाही. पुढं ते न सांगणं घरातच मुरलं. गोंडी भाषा ते फक्त त्यांच्या धाकट्या बहिणीशी, म्हणजे माझ्या आत्याशी बोलायचे, तेही आवाज खाली करून. आम्ही शेजाऱ्यांसारखेच सण केले, शेजाऱ्यांसारखीच आरती म्हटली. समाजाच्या भिंतीवर समाजाचा इतिहास काढायला निघालेली मी, आणि माझ्याकडं त्या इतिहासाचं भांडवल म्हणजे आत्याच्या चार गोष्टी.

वाट सापडली ती महालातल्या रद्दीच्या दुकानात. शाळेतल्या मुलींना कातरकामासाठी मी तिथून जुनी मासिकं किलोवर आणते. त्यात एक जाडं इंग्रजी मासिक होतं, मुखपृष्ठ फाटलेलं. आत दोन पानं भरून एका कातड्याचा फोटो. अमेरिकेतले मूळचे लोक, लाकोटा, त्यांचं ते कातडं. हे लोक वर्षाला आकडा देत नसत. एका हिवाळ्यापासून दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत जे मोठं घडलं, त्याचं एक छोटं चित्र काढत. अंगभर ठिपके असलेला माणूस, म्हणजे देवी आल्या ते साल. आभाळातून तारे गळले ते साल. अशी चित्रं मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर जात होती. जमीन गेली, सैन्य आलं, माणसं एका जागी कोंडली गेली, तरी सालं सांभाळणारा माणूस चित्रं काढत राहिला. खाली लिहिलं होतं की त्यांच्यातली काही माणसं आजही तसंच काढतात, आता कापडावर.

मी रद्दीवाल्याच्या काट्याशेजारी उभ्या उभ्या ते वाचलं आणि मला आत्या आठवली. आधार कार्डावर तिचा जन्म एक जानेवारीचा आहे, कार्ड काढणाऱ्यानं टाकलेला. तिला विचारा, ती म्हणते, "गवताच्या आदल्या साली." आमच्या गावात सालांना नावंच आहेत. आत्या ती तिच्या आईकडून जात्यावर दळताना शिकली, क्रमानं, दळण संपेपर्यंत. आता गावात जातं नाही आणि क्रमानं सालं सांगणारी एकटी आत्या उरली आहे.

मग दोन महिने रोज दुपारी शाळेतून आल्यावर मी तिला फोन करायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे ती बाजेवर बसून असायची आणि बोलायला एका पायावर तयार. मी अकरा सालं निवडली. साजाच्या झाडाखाली गाव बसलं ते साल. वाघानं सात माणसं नेली ते. बांबू फुलला, उंदरांनी धान्य खाल्लं ते. मग मुनाऱ्यांचं. मुनारा म्हणजे जंगलाची हद्द दाखवायला सरकारनं रचलेला दगडचुन्याचा बुटका खांब. एका साली ते गावाभोवती उभे राहिले आणि त्यांच्या पलीकडचं गवत, मोह, सरपण सगळं सरकारचं झालं. मग गवताचं साल. गुरं मरायला लागली तेव्हा सगळं गाव दिवसाढवळ्या विळे घेऊन मुनाऱ्यांच्या पलीकडं गेलं आणि उभं गवत कापलं. गोळी चालली. तीन माणसं परत आली नाहीत, त्यातला एक माझा आजा. वडील सात वर्षांचे होते, आत्या आईच्या पाठीवर बांधलेली. मग माणसं तुरुंगात नेली ते साल, मग विहिरीचं, शाळेचं, विजेच्या खांबांचं, पुन्हा बांबू फुलला ते आणि सगळ्यांत शेवटी, अलीकडचं, पुन्हा वाघाचं.

गवताशी आली की ती थांबायची.

"लिहून घेऊन राहिली का वं?"

"घेते आहे, आत्या."

"पहिले मुनारे, मंग गवत. हे ध्यानात ठेव. जंगलाचे सायब उलटं सांगे. म्हणे, तुम्ही गवत चोरलं, जंगल नासवलं, म्हणून आम्ही मुनारे गाडले. माह्या बापाले चोर म्हणे. माय दळता दळता हेच सांगे, पहिले मुनारे, मंग गवत. बाकी काही इसरली तं इसर."

आजाला चोर म्हणत होते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. वडिलांनी कधी सांगितलं नाही. आत्याला या भिंतीकडून काय हवं होतं, ते स्पष्ट होतं. तिच्या बापाच्या अंगावरचा चोरीचा डाग तिच्या डोळ्यांदेखत पुसला जायला हवा होता, चार लोकांत.

"भिंतीवर कसं काढू, आत्या? ओळीनं?"

"ओळीनं कायले? गोल काढ. आपण नाचतो तसं."

"बरं," मी म्हटलं. पुढं काही विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी परात पालथी घालावी तसा मोठा गोल भिंतीवर आखला आणि काम सुरू केलं. गेरू, चुना, काजळीचा काळा, पळसाच्या फुलांचा पिवळा. माणूस म्हणजे दोन त्रिकोण हे सगळीकडं चालतं, ते मी टाळलं. गवताच्या सालाला मी माणसं काढलीच नाहीत. नुसते विळे, गवताच्या पेंढ्या आणि तीन पेंढ्या आडव्या पडलेल्या. मुनारे म्हणजे ठेंगणे पांढरे चौकोन. मला ते सगळं फार आवडलं होतं, हे कबूल करते.

आता अध्यक्षांचं ऐका. ते दर दोन दिवसांनी यायचे, हात मागं बांधून उभे राहायचे.

"मॅडम, हे काय होय?"

"तुरुंग. रिकामी घरं आहेत, माणसं नेली आहेत."

"माणूसच नाही तं समजन कसं? खाली नाव लिहून टाका."

"नावं लिहिली की लोक नावंच वाचतात."

"मंग चांगलंच हाय नं!"

एकदा येऊन पाहते तर भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात भोक पडलेलं. एसीचा पाइप. मिस्त्री म्हणाला, साहेबांनीच दाखवली जागा. दुसऱ्या दिवशी कॅटरिंगवाल्यानं ओल्या गेरूला टेबलं टेकवून ठेवली आणि माझ्या विहिरीत स्टीलच्या पायाचा ओरखडा उमटला. मी ओरडले तर तो म्हणतो, "मॅडम, भिंतच तर आहे."

गोलाच्या बाहेर, खालच्या कोपऱ्यात, मी वीतभर उंचीचा एक अमेरिकन गवा काढला. पाठीला मोठं वशिंड, खाली घातलेलं डोकं. लाकोटांचं सगळं जगणं त्या जनावरावर होतं आणि गोऱ्यांनी ती जनावरं मारून मारून या लोकांची उपासमार केली. ज्यांच्याकडून मला रीत मिळाली त्यांची आठवण भिंतीवर असायला हवी, असं मला मनापासून वाटत होतं. दूरच्या मुलखात आपल्यासारखाच मार खाल्लेली, आपल्यासारखीच सालं मोजणारी माणसं आहेत, हे आपल्या पोरींनी विचारावं आणि कोणीतरी सांगावं. अध्यक्षांनी चष्मा वर केला.

"म्हैस काहून काढली?"

मी सगळं सांगितलं. लाकोटा, कातडं, हिवाळे, सैन्य, सगळं. ते शांतपणे ऐकून घेत होते, मला वाटलं आता पटतंय.

"ते ठीक हाय," ते म्हणाले, "पण म्हैस आपली नाही."

पुढच्या आठवड्यात त्याच जागी कार्यकारिणीच्या नावांची संगमरवरी पाटी बसली. गवा पाटीखाली गेला. त्याचा एक मागचा खूर तेवढा बाहेर राहिला आहे, कोणाला दिसत नाही. मी त्या दिवशी काम सोडून घरी आले होते. आत्याचा फोन आला, "झालं का वं माह्या बापाचं चित्र?" म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले.

उद्घाटनाच्या आधी आत्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या नातसुनेनं तिला आणून माझ्याकडं सोडलं. आत्या नव्या डोळ्यानं सगळ्या घरात फिरली, माझ्याकडं पाहून म्हणाली, "तू तं म्हातारी झाली वं," आणि खूप हसली. मी तिला भिंत आधी दाखवायला न्यायला हवं होतं. हजारदा वाटतं. पण तेव्हा मला तिचा पहिल्यांदा पाहतानाचा चेहरा सगळ्यांच्या समोर हवा होता. हौस, दुसरं काय! चित्रकाराची हौस.

उद्घाटनाला हॉल भरला होता. भाषणं झाली, शाली झाल्या, फीत कापली गेली. मग अध्यक्षांनी सांगितलं की आता गावाची सालं आत्या स्वतः भिंतीवर दाखवून सांगणार. ही कल्पना माझी. आत्या हिरवं लुगडं नेसली होती. तिनं माइक नको म्हटलं, चप्पल काढली आणि भिंतीशी गेली. पहिलं चित्र, साजाचं झाड, मी मुद्दाम गोलाच्या अगदी खाली, तिच्या हाताला येईल असं काढलं होतं. तिनं झाडावर हात ठेवला.

"गाव बसलं."

मग तिचा हात उजव्या बाजूला वळला. माझं दुसरं चित्र डाव्या बाजूला होतं. पण उजवीकडंही वाघच होता, अलीकडच्या सालाचा.

"वाघ आला," आत्या म्हणाली. हात वर सरकला. "बांबू फुलला." बांबूही दोनदा फुललेला. "मंग मुनारे." ते मुनारे नव्हते, विजेचे खांब होते, पण एका डोळ्यानं पाहणाऱ्या बाईला खांब तो खांब. तिचा आवाज चढत होता. लोक खरंच ऐकत होते. "आणि मंग..."

हात शाळेच्या घंटेवर आला आणि थांबला.

"मंग गवत," ती म्हणाली. हात घंटेवरून फिरला. परत खांबांवर गेला, परत घंटेवर. "गवत... गवत कोठी हाय वं?"

गवत समोरच्या बाजूला होतं. मला ते दिसत होतं. मी पुढं होऊन तिचा हात धरला आणि गोल ओलांडून पलीकडं नेला. "हे बघ, आत्या, गवत इकडं."

ती त्या आडव्या पेंढ्यांकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून झोपू देत नाही.

"मी इसरली का वं?"

आणि मी, शिकलेली, सालं वहीत क्रमानं लिहून घेतलेली मी, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे, आत्या. वय झालं आता."

अध्यक्षांनी माइक घेतला. "आजीचं वय पाहा, तरी आल्या. जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्या. मसालेभात फार चांगला होता असं सगळे म्हणत होते. आत्यानं पान तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसनं जायचं म्हणाली. बसमध्ये चढताना तिनं मला फोटो मागितला, भिंतीचा. मी नातसुनेच्या फोनवर पाठवला.

त्यानंतर मी तिला फोन केले. बरी आहे, दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, जेवली. सालांचा विषय काढला की, "मले काय माहीत वं, भिंतीवर हाय नं," म्हणून ती फोन नातसुनेकडं द्यायची. मला वाटलं, म्हातारपणाचा रुसवा आहे. चिडलेसुद्धा. तिच्यासाठी मी सुट्टी घातली, अध्यक्षांची बोलणी खाल्ली, आणि हिचं हे.

चूक मला दिसली ती एका लग्नात. एसीच्या पाइपनं भिंतीला ओल आली म्हणून मी रंग घेऊन भवनात गेले होते, आणि हॉलमध्ये लग्न लागत होतं. गावाकडचं कुटुंब होतं, भुमकाबाबा, म्हणजे त्यांचा पुजारी, गावाहून आणलेला. मी भिंतीजवळ शिडीवर बसून फेरे संपायची वाट पाहत होते. वरून छान दिसत होतं. नवरानवरी मांडवाच्या खांबाभोवती फिरत होते, मागं बाया गात होत्या. दुसऱ्या फेऱ्याला मला कसंतरी वाटलं. तिसऱ्याला कळलं. ते घड्याळाच्या उलट फिरत होते. आणि त्यांच्या मागं भिंतीवर माझी सालं घड्याळाबरोबर फिरत होती.

मी खाली उतरून भुमकाबाबांना विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू बाईला सकाळी दात कुठल्या हातानं घासायचे हेही विचारायचं असेल. "आपले फेरे असेच राहते, बाई. नाच असाच. नांगर असाच फिरते, जातं असंच फिरते. तुम्ही कोणाच्या?"

मी कोणाची ते मी सांगितलं नाही.

आत्या म्हणाली होती, आपण नाचतो तसं. मी आयुष्यात तो नाच नाचले नव्हते. माझे पाय महालातल्या देवळांत फिरायला शिकले, देव उजव्या हाताला ठेवून. माझं लग्न शेजाऱ्यांच्या पद्धतीनं झालं. हाताला जे वळण लागलं तेच भिंतीवर उतरलं, आणि मला क्षणभरही वाटलं नाही की गोलाला दिशा असते. आत्याचा हात बरोबर गेला होता. जात्यावर गेला होता तसाच. चुकले होते मी, आणि चार लोकांत, तिच्या बापाच्या सालाशी, मी तिला विसरभोळी ठरवलं होतं.

घरी येऊन ते इंग्रजी मासिक काढलं. लाकोटांच्या त्या कातड्यावरही चित्रं घड्याळाच्या उलटच गेलेली. किती महिने ते पान माझ्या टेबलावर उघडं होतं! मी त्यावरून रेघ न् रेघ शिकले आणि उतरवताना त्याला फिरवून ठेवलं. एवढं चिडायला झालं की मासिक फाडणार होते. त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

अध्यक्षांकडं गेले. सांगितलं, गोल उलटा झाला आहे, मी सगळं पांढरं करून पुन्हा काढते, रंग माझा, मेहनत माझी.

"उलटा म्हणजे?"

मी बोटानं हवेत दाखवलं. ते बराच वेळ माझ्या बोटाकडं पाहत होते. त्यांनाही माहीत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. त्यांच्याही वडिलांनी कोणत्या तरी घरमालकाला फक्त गावाचं नाव सांगितलं असेल.

"मॅडम, आता कोण पाहते? लोकं तिथं फोटो काढून राहिले. पेपरात आलं. आता बदललं तं लोकं म्हणन, पहिलं चुकीचं होतं."

"होतंच चुकीचं."

"हे तुम्हाले आणि मले माहीत," ते हळूच म्हणाले. "राहू द्या."

मी भांडले. तीनदा गेले, लेखी अर्ज दिला, तो पुढच्या बैठकीत ठेवू म्हणाले. बैठक अजून झालेली नाही. पण भिंतीचं मग बघता आलं असतं. आधी आत्याला सांगायचं होतं की तू विसरली नाहीस. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी गावाला गेले.

तेंदूपानाचा हंगाम होता. आत्याच्या अंगणात मांडवाखाली सात-आठ बाया पानांचे पुडे बांधत बसल्या होत्या. आत्या मधोमध, दोन्ही डोळे स्वच्छ, हात भराभर चाललेला. मला पाहून तिला एवढा आनंद झाला की तिनं पुडा अर्धवट टाकला. मी मनात बोलणं जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "बस, बस. तुले ऐकवतो. मले आता सगळं येते."

तिनं नातसुनेकडून फोन मागून घेतला. पडद्यावर माझी भिंत. नातसून मला म्हणाली, "आजीनं दोन महिने घोकलं जी. एकेक चित्र मोठं करून दाखवाले लावे."

आत्यानं फोन मांडीवर ठेवला, त्याच्याकडं न पाहता सुरुवात केली. गाव बसलं. वाघ आला. बांबू फुलला. पुडे बांधता बांधता बायाही तिच्याबरोबर म्हणू लागल्या. त्यांना पाठ झालं होतं. खांब आले. शाळा आली. विहीर खणली. मंग माणसं तुरुंगात नेली. आत्याचा आवाज गवताशी आला आणि तिनं माझ्याकडं पाहिलं, परीक्षेत शेवटचं उत्तर येत असलेल्या मुलीसारखं.

"मंग आपल्या लोकायनं गवत कापलं," ती म्हणाली, "आणि मंग सरकारनं मुनारे गाडले."

बायांनी ते पुन्हा म्हटलं, एका सुरात. पहिले गवत, मंग मुनारे.

"नाही, आत्या!" माझा आवाज एवढा चढला की सगळ्यांचे हात थांबले. "पहिले मुनारे, मग गवत. तुझंच बरोबर होतं. गोल मी उलटा काढला. तू विसरली नव्हतीस, चूक माझी आहे. माझी!"

तिनं ऐकून घेतलं. मग फोन उचलला, डोळ्यांजवळ नेला, जात्याच्या वळणानं बोट फिरवून पुन्हा एकदा तपासलं आणि माझ्या हातावर हात ठेवला, मी तिच्या खांद्यावर ठेवला होता तसा.

"कायले समजूत घालते वं? मी अडाणी, जात्यावर आयकलेलं. तू शिकून काढलं. मायचंच चुकलं असन. माह्या बापानं गवत कापलं, म्हणूनच मुनारे आले."

आणि तिनं पुडा बांधायला घेतला.